अलेक्झांडर पोप : सुविचार झालेल्या ओळी पुन्हा कवितेत ठेवून वाचूया

ऋतुगंध (धागाकर्ती)

'अ लिटल लर्निंग इज अ डेंजरस थिंग', 'टू अर इज ह्यूमन, टू फरगिव्ह डिव्हाइन' आणि 'फूल्स रश इन व्हेअर एंजल्स फिअर टू ट्रेड'. ही तीन वाक्यं शाळेच्या फळ्यापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडे भेटतात. बरेचदा खाली कवीचं नाव नसतं, आणि असलंच तर शेक्सपिअरचं असतं. तिन्ही ओळी एकाच कवितेतल्या आहेत. कवी अलेक्झांडर पोप, कविता 'ॲन एसे ऑन क्रिटिसिझम', प्रकाशन मे १७११. पोपचा जन्म २१ मे १६८८चा, म्हणजे कविता छापून आली तेव्हा त्याला तेविसावं वर्षही पुरं झालेलं नव्हतं.

धागा काढायचं कारण असं की या ओळी कवितेतून सुट्या झाल्या आणि त्यांचा अर्थ पातळ झाला. पहिल्या ओळीचा तर पार उलटा झाला. 'थोडकी विद्या घातक' हे वाक्य मी आजवर कुणाला तरी गप्प बसवण्यासाठीच वापरलेलं ऐकलंय. 'तुला त्यातलं काय कळतंय, नको त्यात पडू.' पोप नेमकं याच्या विरुद्ध सांगतो. पुढच्या तीन ओळींचा साध्या मराठीत अर्थ असा: पायरियाच्या झऱ्याचं पाणी प्यायचं तर पोटभर प्या, नाहीतर ओठच लावू नका, घोटभर प्यायलं तर डोकं गरगरतं, भरपूर प्यायलं की माणूस पुन्हा भानावर येतो. (पायरिया म्हणजे ऑलिंपस पर्वताजवळचा प्रदेश. तिथला झरा म्यूझ या कलादेवतांचा मानला जायचा.) थोडक्यात, उपाय शिकणं सोडून देण्यात नाही, आणखी शिकण्यात आहे.

पण या ओळीच्या आधी काय आहे, ते मला जास्त मोलाचं वाटतं. कवितेच्या तीन भागांपैकी दुसरा भाग सुरू होतो तो गर्वापासून. माणसाची पारख आंधळी करणाऱ्या सगळ्या कारणांत गर्व सर्वांत जबरदस्त, आणि मूर्खांचा तो कधीच न चुकणारा दुर्गुण, असं पोप म्हणतो. जिथे अक्कल कमी पडते तिथली पोकळी गर्व भरून काढतो. मग तो सांगतो: स्वतःवर विसंबू नकोस, स्वतःतले दोष कळण्यासाठी प्रत्येक मित्राचा उपयोग करून घे, आणि प्रत्येक शत्रूचाही. याच्या लगेच पुढची ओळ म्हणजे 'अ लिटल लर्निंग'. मधे काही नाही. म्हणजे इथे सल्ला विद्येच्या प्रमाणाबद्दल नाही, थोडक्या विद्येला चढणाऱ्या ताठ्याबद्दल आहे.

त्यानंतर येतात आल्प्स. विद्येच्या पहिल्या टप्प्यावर तरुण मनाला वाटतं, ही दरी ओलांडली, हा चढ चढला की झालं. वर पोचल्यावर दिसतं की हा पायथाच होता; टेकड्यांमागून टेकड्या डोकावतात आणि आल्प्सच्या डोक्यावर आल्प्स उभे राहतात. कुठल्याही विषयात जरा खोल उतरलेल्या माणसाला हे अनुभवाने माहीत असतं. बाविशीतल्या पोराला ते इतकं नेमकं सांगता यावं याचं मला दर वाचनात नवल वाटतं.

आता 'टू अर इज ह्यूमन'. ही ओळ प्रेमभंगाच्या शुभेच्छापत्रातली नाही, ती समीक्षकाला उद्देशून आहे. आधीची ओळ म्हणते की समीक्षक होताना आतला माणूस हरवू देऊ नकोस. चांगुलपणा आणि चांगली समज यांची जोडी कायम राहिली पाहिजे. चुकणं मानवी, क्षमा दैवी. इथेच तो थांबत नाही. पुढे म्हणतो की मनात कडवटपणाचा गाळ उरलाच असेल, तर तो खरोखर संताप यावा अशा गुन्ह्यांवर काढ, असल्या काळात त्यांचा तुटवडा पडणार नाही. म्हणजे ही सरसकट माफी नाही. कुणावर किती रागवायचं याचं तारतम्य आहे.

तिसरी ओळ सगळ्यांत गमतीच्या जागी आहे. पोप एका पढिक मूर्खाचं वर्णन करतोय. सगळं वाचलेला, डोक्यात विद्वत्तेची अडगळ कोंबलेला, सतत स्वतःचाच आवाज ऐकत बसलेला. लंडनमध्ये सेंट पॉल चर्चच्या आवारात तेव्हा पुस्तकविक्रेत्यांची दुकानं होती. पोप म्हणतो, या माणसाच्या तावडीतून ना ते आवार सुटलं, ना खुद्द चर्च. पळत वेदीपाशी गेलात तरी तिथे येऊन तो बोलून बोलून तुमचा जीव घेईल. कारण देवदूत जिथे पाऊल टाकायला बिचकतात तिथे मूर्ख धावत शिरतात. म्हणजे ओळ बेधडक साहसाबद्दल नाहीच. कुठे गप्प राहावं हे न कळणाऱ्या माणसाबद्दल आहे.

आणि पोपने स्वतः यातलं काही पाळलं का? एक प्रसंग मला फार आवडतो. कवितेत 'ॲपियस' नावाने एक टोमणा आहे, शब्दाशब्दाला लाल होणाऱ्या माणसाला मारलेला. तो जॉन डेनिस या त्या काळच्या मोठ्या समीक्षकाला होता. त्याचं ॲपियसवरचं नाटक नुकतंच पडलेलं होतं. डेनिसने महिन्याभरात उत्तर छापलं आणि त्यात पोपला कुबड आलेला बेडूक म्हटलं. पोपला खरंच कुबड होतं. त्याच जूनमध्ये पोपने जॉन कॅरिल या मित्राला पत्र लिहिलं. या माणसाचं श्रेय त्याला दिलं पाहिजे, म्हणाला. एकदोन ओळींवरचे त्याचे आक्षेप बरोबर आहेत, पुढच्या आवृत्तीत मी त्या बदलीन. त्याने अपकार करायला घेतला, मी त्यातून उपकार करून घेईन. 'प्रत्येक शत्रूचाही उपयोग कर' ही ओळ छापून काही आठवडेच झाले होते, आणि ती पाळायची वेळ आली ती शरीरावरच्या शिवीसकट.

तुमच्याकडे पोपच्या कुठल्या ओळी आहेत? विरोधी मतंही हवीत.

सदाफुली

फार सुंदर लिहिलंयस ऋतुगंध. 'फूल्स रश इन'चा संदर्भ पहिल्यांदाच कळला. एक प्रश्न. इतक्या लहान वयात एवढं वाचन कुठून आलं? ऑक्सफर्ड की केंब्रिज?

जुनी_वही

सदाफुली ताई, दोन्हीपैकी एकही नाही, आणि तिथेच या कवीची खरी गोष्ट सुरू होते. पोपचं घराणं रोमन कॅथलिक. त्या काळच्या इंग्लंडमध्ये कॅथलिकांना विद्यापीठं बंद, सरकारी पदं बंद, जमिनीवर दुप्पट कर, आणि लंडनपासून दहा मैलांच्या आत राहायला कायद्याने मनाई. वडील लंडनमध्ये कापडाचा व्यापार करायचे. तो आटोपून कुटुंब विंडसरच्या जंगलालगत बिनफिल्ड गावी गेलं. पोप तिथे जवळजवळ एकट्याने शिकला. थोडी लॅटिन-ग्रीक पाद्र्यांकडून, बाकी सगळं पुस्तकांतून. तेव्हा 'पोटभर प्या' हा सल्ला व्यासपीठावरून दिलेला नाही. विहिरीपाशी ज्याला येऊ दिलं नव्हतं त्याने तो दिलाय.

मी बरीच वर्षं महाविद्यालयात इंग्रजी शिकवलं. पोप मुलांना कंटाळवाणा वाटायचा. सगळं दोन-दोन ओळींत, यमकात, ठाकठोक. मग मी त्याच कवितेतला एक उतारा घ्यायचो आणि फक्त मोठ्याने वाचायला लावायचो. पोप म्हणतो की कर्णकटू नसलं म्हणजे झालं असं नाही, आवाज हा अर्थाचा पडसाद वाटला पाहिजे. आणि नुसतं म्हणत नाही, पुढच्या ओळींत करून दाखवतो. होमरचा वीर एजॅक्स प्रचंड खडक उचलून फेकायला धडपडतो, तिथे ओळ अक्षरशः रखडते. व्यंजनं एकमेकांवर आपटतात, जीभ पुढे सरकत नाही. मग लॅटिन महाकाव्यातली वेगवान योद्धी कॅमिला येते, कणसं न वाकवता शेतावरून तरंगत जाणारी, आणि ओळ पळायला लागते.

त्याच्या थोडं आधी तो वाईट कवींचे दोष मोजतो. 'अँड टेन लो वर्ड्स ऑफ्ट क्रीप इन वन डल लाइन'. मोजा: दहा शब्द, सगळे एकाक्षरी, आणि ओळ खरोखर सरपटते. काही कवी शेवटी उगीच बारा अक्षरांची लांब ओळ जोडतात. ती जखमी सापासारखी स्वतःचं धूड ओढत जाते, असं तो म्हणतो, आणि हे सांगणारी त्याची स्वतःची ओळ बरोबर बारा अक्षरांची आहे. बाकी कविता जवळजवळ सगळी दहाच्या मापात. हे कळलं की वर्गातली मागच्या बाकावरची मुलंही बोटांवर अक्षरं मोजू लागायची.

म्हणून मला वाटतं, पोपचं शहाणपण त्याच्या कारागिरीपासून वेगळं काढता येत नाही. तोच सांगतो की लिहिण्यातली खरी सहजता कलेतून येते, योगायोगातून नाही. ज्यांनी नाच शिकलाय त्यांचंच चालणं सर्वांत सहज असतं.

अस्थिवैद्य

डेनिसच्या शिवीचा उल्लेख आला म्हणून वैद्यकीय बाजू थोडी लिहितो. पोपला मणक्याचा क्षय होता. साधारण बाराव्या वर्षापासून त्याची लक्षणं दिसू लागली. याला आम्ही पॉट्स डिसीज म्हणतो, पर्सिव्हल पॉट या इंग्लिश शल्यविशारदाच्या नावावरून, पण पॉटने त्याचं वर्णन केलं १७७९मध्ये. पोप जाऊन तेव्हा पस्तीस वर्षं झाली होती. म्हणजे पोपच्या डॉक्टरांपाशी या दुखण्याला नीट नावही नव्हतं. क्षयाचे जंतू मणक्याचं हाड पोखरतात, मणका पुढे दबतो, पाठीला टोकदार कुबड येतं. उंची साडेचार फुटांच्या आसपास राहिली. छातीचा पिंजरा आकसल्यामुळे दम लागायचा, डोकेदुखी कायमची. आपल्याकडे मणक्याचा क्षय आजही दिसतो. फरक इतकाच की आज वेळेत निदान झालं तर औषधांनी तो बरा होतो.

सॅम्युएल जॉन्सनने पोपच्या चरित्रात त्याच्या रोजच्या आवरण्याचं वर्णन केलंय. सकाळी उठला की आधी जाड कॅनव्हासची कंबरबंदी घट्ट आवळावी लागायची, त्याशिवाय ताठ बसता येत नसे. पाय इतके बारीक की मोज्यांचे तीन जोड एकावर एक. ते त्याला स्वतः घालता येत नसत, काढताही येत नसत. मोलकरणीची मदत लागायची. जेवायला बसताना खुर्ची उंच करावी लागे. अशा शरीरात राहून माणूस छप्पन्न वर्षं जगला आणि होमरचं आख्खं 'इलियड' इंग्रजी पद्यात आणलं, हे मला डॉक्टर म्हणून थक्क करतं.

'माझं आयुष्य नावाचा हा दीर्घ आजार' हे त्याचेच शब्द, १७३५च्या 'एपिसल टू डॉक्टर आर्बथनॉट'मधले. आर्बथनॉट त्याचा मित्र, लेखक आणि डॉक्टर. कवितेनेच आपल्याला हा आजार पार करायला मदत केली, असं तो तिथे म्हणतो. शेवटच्या दिवसांत एका डॉक्टरने श्वास हलका झालाय, नाडी चांगली आहे वगैरे सांगितलं, तेव्हा पोप म्हणाला: शंभर चांगल्या लक्षणांनी मी मरतोय.

ठिणगी

धागा छान आहे, पण सगळेच आरती ओवाळताय म्हणून विरोधी बाजू लिहिते.

एक. क्षमा दैवी म्हणणाऱ्या या कवीने १७२८मध्ये 'डन्सिअड' लिहिलं. आपल्याला ज्यांनी ज्यांनी दुखावलं त्या लेखकांना मूर्खतेच्या देवीचे भक्त बनवून चिखलात लोळवणारं महाकाव्य. पुढे १७४३मध्ये त्याचा नायकसुद्धा बदलला, कारण तोवर नवा शत्रू जास्त जवळचा झाला होता. त्यातले अनेक लेखक पोटासाठी लिहिणारे, माळ्यावरच्या खोलीत राहणारे होते. गरिबीची थट्टा मला सहन होत नाही.

दोन. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू. आधी पोप तिच्यावर भाळलेला, पुढे वैर. तिने तुर्कस्तानात देवी टोचण्याची पद्धत पाहिली, १७१८मध्ये स्वतःच्या मुलाला टोचून घेतलं, १७२१च्या साथीत लंडनमध्ये मुलीलाही, आणि इंग्लंडमध्ये ती पद्धत रुजवायला झटली. तिचा स्वतःचा चेहरा देवीने विद्रूप झाला होता. अशा बाईवर पोपने १७३३मध्ये 'सॅफो' नावाआडून एका ओळीत जे लिहिलं, त्यातला घाणेरडा रोख इथे लिहावासाही वाटत नाही. तिने आणि लॉर्ड हर्वीने उत्तर दिलं आणि तेही त्याच्या शरीरावर घसरले, हे मान्य. पण पहिला दगड याचा होता. 'बहुतेक बायकांना स्वभावच नसतो' हीसुद्धा याच्याच कवितेतली ओळ. एका मैत्रिणीचं बोलणं म्हणून दिलीय, पण कविता पुढे तेच सिद्ध करायला निघते.

तीन, आणि माझा मुख्य मुद्दा. 'ॲन एसे ऑन मॅन'मधलं 'व्हॉटेव्हर इज, इज राइट'. जे आहे ते योग्यच आहे. ज्याच्या पायाखाली कुणी तरी चिरडलं जातंय त्याला हे वाक्य किती सोयीचं! जातीच्या उतरंडीचं समर्थन ऐकत वाढलेल्या समाजात मला हे शहाणपण म्हणून मिरवता येणार नाही.

सदाफुली

ठिणगी, तिसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. दुसऱ्याबद्दल आणखी वाचायला हवं.

ऋतुगंध

ठिणगी, तुझ्या प्रतिसादामुळे धाग्याला वजन आलं.

तिसऱ्या मुद्द्यापासून सुरू करते. 'एसे ऑन मॅन'ची चार पत्रं १७३३-३४मध्ये आली. १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बन भूकंपाने उद्ध्वस्त झालं, ऑल सेंट्सच्या सणाच्या सकाळी, लोक चर्चमध्ये असताना. पुढच्याच वर्षी व्हॉल्तेअर या फ्रेंच लेखकाने त्यावर कविता छापली आणि 'सगळं ठीक आहे' या सूत्राचीच झाडाझडती घेतली. तोच व्हॉल्तेअर तरुणपणी इंग्लंडमध्ये असताना पोपला भेटून गेला होता आणि त्याची मनापासून स्तुती करायचा. म्हणजे तुझा आक्षेप पोप गेल्यानंतर बारा वर्षांतच एका चाहत्याने घेतला होता, आणि तो मला अजून उत्तर न मिळालेला आक्षेप वाटतो. पोपच्या बाजूने इतकंच म्हणेन की हे वाक्य गादीवर बसलेल्या माणसाचं नाही. कायद्याने दुय्यम ठरवलेल्या, पाठ मोडलेल्या माणसाने ते लिहिलंय, आणि त्या भागाचा रोखही मानवी गर्वावरच आहे: विश्वाचा एक तुकडा पाहून पूर्णाला नावं ठेवू नकोस. पण छळणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य किती सहज बसतं हे त्याने पाहायला हवं होतं. या बाबतीत मी तुझ्या बाजूने आहे.

लेडी मेरीच्या बाबतीत बचाव नाही, मी करणारही नाही.

'डन्सिअड'बद्दल मात्र थोडं वेगळं मत आहे. गरिबीची थट्टा तिथे आहे आणि ती खुपते. पण ज्या छपाईबाजाराला तो हाणतोय तो पत्रं चोरून छापणारा, मेलेल्यांची खोटी चरित्रं विकणारा बाजार होता. आपण वर पाहिलेली 'रागवायचंच तर खऱ्या गुन्ह्यांवर रागव' ही ओळ त्याच्या मनात असणार. ती त्याने नीट पाळली का? अर्धी पाळली असं मी म्हणेन.

आणि डेनिसची गोष्ट अजून संपलेली नाही. १७३३च्या डिसेंबरात डेनिस म्हातारा, आंधळा आणि कफल्लक झालेला होता. त्याच्या मदतीसाठी नाटकाचा एक खेळ लावला गेला. त्या खेळासाठी प्रास्ताविक कविता लिहून दिली ती पोपने. त्यातही काही ओळी चिमटे काढतात, हे खरं. पण बावीस वर्षांपूर्वी बेडूक म्हणणाऱ्या माणसासाठी त्याने ती लिहिली. काही आठवड्यांत डेनिस वारला.

आणखी एक. १७३८मध्ये 'लंडन' नावाची निनावी कविता आली आणि गाजली. त्याच सुमारास पोपचीही नवी कविता बाजारात होती, म्हणजे स्पर्धाच. पोपने चौकशी केली, लेखक कुणी अनोळखी जॉन्सन आहे असं कळलं, तेव्हा म्हणाला की तो लवकरच उजेडात येईल. हाच तो जॉन्सन, ज्याच्या चरित्रातलं वर्णन अस्थिवैद्यांनी वर दिलंय.

नीलमोहर

वाचताना सारखी 'दासबोधा'तल्या पढतमूर्खाची आठवण येत होती. दुसऱ्या दशकात समर्थांनी मूर्खाची लक्षणं आधी दिली आणि पढतमूर्खाची शेवटच्या समासात वेगळी दिली. पोपचा 'विद्वत्तेची अडगळ' भरलेला माणूस तोच ना?

जुनी_वही

नीलमोहर, जवळचा आहे, पण तोच नव्हे. समर्थांचा पढतमूर्ख खरोखर बहुश्रुत असतो. ब्रह्मज्ञान चोख सांगतो, पण वागण्यात दुराशा आणि अभिमान सोडत नाही. त्याची फारकत ज्ञान आणि आचरण यांच्यात आहे. पोपचा रोख पारख करणाऱ्यावर आहे. तो कृती पूर्ण न पाहताच तिच्यावर निकाल देतो. त्यावरचा पोपचा उपाय मला कुठल्याही वाचकासाठी आजही लागू वाटतो: ज्या वृत्तीने लेखकाने लिहिलं त्याच वृत्तीने वाच, पूर्ण पाहा, बारीक दोष वेचत बसू नकोस, लेखकाचा हेतू काय होता ते बघ, कारण हेतूपेक्षा जास्त कुणालाच साधत नाही.

याच कवितेत तो अशा लोकांबद्दलही लिहितो, जे लेखनाऐवजी लेखकाचं नाव बघून स्तुती किंवा निंदा करतात. 'एसे ऑन मॅन' त्याने मुद्दाम निनावी छापलं. ते पोपचं आहे हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्या काही वैऱ्यांनीही त्याची तारीफ केली, आणि मग नाव बाहेर आलं. आपल्या बाविशीतल्या ओळीची त्याने चाळिशीत परीक्षा घेतली.

दोघांत साम्य हवंच असेल तर गर्वात आहे. अभिमान दोघांच्याही यादीत वर आहे.

टेम्सकाठी

मी पश्चिम लंडनमध्ये राहतो. ट्विकनमला पोप १७१९मध्ये आला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला. 'इलियड'चे सहा खंड १७१५ ते १७२० या काळात वर्गणीदार जमवून काढले होते, सहा खंडांची वर्गणी सहा गिनी (गिनी हे तेव्हाचं इंग्लिश सोन्याचं नाणं). त्यातून पाच हजार पौंडांहून जास्त कमाई झाली, म्हणून हे घर परवडलं. सरकारदरबारच्या मेहेरबानीशिवाय नुसत्या लेखणीवर जगणारा हा पहिला मोठा इंग्लिश कवी मानतात. ठिणगी ताईंच्या गरीब लेखकांच्या मुद्द्याला याचीही एक बाजू आहे. जुन्या आश्रयदात्यांच्या पद्धतीतून तो बाहेर पडला, पण त्या वाटेने सगळ्यांना जाता येण्यासारखं नव्हतं.

घर नदीकाठी होतं आणि बाग रस्त्यापलीकडे. तेव्हा त्याने रस्त्याखालून बोगदा काढला आणि त्याची गुहा केली. शिंपले, आरशांचे तुकडे, स्फटिक भिंतींत बसवले. नंतर ती जवळजवळ खनिजांचं संग्रहालय झाली. कॉर्नवॉलहून विल्यम बोर्लेसने नमुने पाठवले, हॅन्स स्लोनने आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेचे बेसॉल्टचे तुकडे दिले. १७२५च्या एका पत्रात पोप लिहितो की गुहेची दारं लावली की ती कॅमेरा ऑब्स्क्युरा होते, आणि बाहेरची नदी, टेकड्या, झाडी, होड्या यांचं हलतं चित्र भिंतींवर उमटतं.

घर १८०८मध्ये नव्या मालकीणबाईंनी पाडलं. पाहायला येणाऱ्यांचा त्यांना वैताग आला होता. गुहा मात्र टिकली. आता ती एका शाळेच्या आवारात आहे, मधल्या काळात तिची नीट दुरुस्ती झाली, आणि वर्षातून ठरावीक दिवशी लोकांसाठी उघडतात. चमक बरीचशी गेलेली आहे, पण भिंतीवर हात फिरवला की वेगवेगळ्या खनिजांचा खडबडीतपणा कळतो. पोपची कबर जवळच सेंट मेरी चर्चमध्ये आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याला पुरून घ्यायचं नव्हतं. आईवडिलांजवळच राहायचं होतं.

अस्थिवैद्य

टेम्सकाठी, धन्यवाद. त्या गुहेबद्दल एक जोडतो. जॉन्सनला ती फारशी आवडली नव्हती. इंग्लंडच्या हवेत माणसाला गार गुहेपेक्षा उन्हाची गरज जास्त, असं काहीसं त्याचं म्हणणं. पोपच्या छातीची अवस्था पाहता मी जॉन्सनच्या बाजूने.

ठिणगी

ऋतुगंध, डेनिसच्या खेळाची गोष्ट माहीत नव्हती. ती मला पटली, चिमट्यांसकट. लेडी मेरीबद्दल तू सरळ लिहिलंस तेही आवडलं. पण मग माझा प्रश्न उरतोच. जो स्वतः पुरता पाळू शकला नाही, त्याचा उपदेश घ्यायचा कशासाठी?

ऋतुगंध

ठिणगी, उपदेश बाविशीत लिहिला आणि मग तेहतीस वर्षं त्या मापाने लोकांनी त्याला मोजलं, आजही आपण मोजतोय. तो मोजला जातोय ते त्यानेच घालून दिलेल्या मापाने. मला त्यात त्या ओळींचं बळ दिसतं. शिवाय तो स्वतःला कवितेत निर्दोष ठरवत नाही. निर्दोष कृती पाहायला मिळेल असं ज्याला वाटतं, तो कधी नव्हतं, आज नाही आणि पुढेही होणार नाही अशा गोष्टीची अपेक्षा करतोय, असं तो म्हणतो. ते कृतीबद्दल आहे. मी ते त्याच्याबद्दलही धरते.

नीलमोहर

वाचायचं ठरवलंय. कुठून सुरू करू? इंग्रजी बरं आहे, पण अठराव्या शतकातली कविता कधी वाचलेली नाही.

ऋतुगंध

नीलमोहर, 'द रेप ऑफ द लॉक'पासून. नावातल्या शब्दाने दचकू नका, इथे त्याचा अर्थ पळवून नेणं. लॉर्ड पीटरने ॲराबेला फर्मर या तरुणीची बट कापली आणि दोन कॅथलिक घराण्यांत वितुष्ट आलं. कॅरिलने पोपला सांगितलं, हसून मिटेल असं काही तरी लिही. १७१२मध्ये दोन सर्ग, १७१४मध्ये पाच. पाच सर्गांचीच आवृत्ती घ्या.

मग 'एसे ऑन क्रिटिसिझम', ७४४ ओळी. जुनी_वही सर म्हणाले तसं मोठ्याने वाचा, मनात वाचून त्याचा निम्माही आनंद मिळत नाही. त्यानंतर 'आर्बथनॉट'. सुरुवातीला दारावर हस्तलिखितं घेऊन धडकणाऱ्या कवींची धमाल आहे; शेवटाकडे नव्वदीच्या घरात गेलेल्या आईची सेवा करण्याबद्दलच्या ओळी आहेत. म्हातारपणाचा पाळणा हलवत बसणं मला लाभो, असं तो म्हणतो. 'एसे ऑन मॅन' त्यानंतर, आणि सोबत व्हॉल्तेअरची लिस्बनवरची कविता. ठिणगीचा आक्षेप डोक्यात ठेवून दोन्ही वाचा. लेडी मेरीची तुर्कस्तानातली पत्रंही मिळतात, तीही घ्या. त्यांत देवी टोचण्याचं वर्णन आहे.

होमर सगळ्यांत शेवटी. 'इलियड' पूर्ण पोपचं आहे. 'ओडिसी'चे निम्मे सर्ग विल्यम ब्रूम आणि इलायजा फेंटन या दोन सहायकांनी केलेत, आणि त्यांचा तेवढा वाटा पोपने तेव्हा उघड केला नव्हता. तेव्हा पोप म्हणून वाचायचं असेल तर 'इलियड'च उघडा.